गुडघाभर हौद

माझ्या मेहुणीचं लग्न दोनदा ठरलं आणि एकदाच झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या तारखेच्या चार दिवस आधी नवरदेवाला गोवर आला. सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि गोवर! सासूबाई आठ दिवस हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि कोणत्या घडीला काय करतील याचा नेम नव्हता. लग्न तीन महिने पुढे गेलं. त्या मधल्या तीन महिन्यांत आमच्या ख्रिस्ती मंडळीनं ठरवलं की प्रार्थनामंदिरात बाप्तिस्म्यासाठी हौद बांधायचा. आणि बांधायचा कुणी? तर मी.

मी गवंडी. लोक मला मिस्त्री म्हणत, अजूनही म्हणतात. आमची मंडळी चाळीसेक घरांची. आमच्यात तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःच्या तोंडानं सांगतो की माझा प्रभूवर विश्वास आहे, आणि मग पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्याला पाण्यात पुरता बुडवून वर काढतात. जुना माणूस पुरला, नवा उठला, असा त्याचा अर्थ. पूर्वी यासाठी गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं. पण त्या तळ्यात कुठून तरी घाण पाणी सुटलं, आणि शेवटच्या वेळी जे चौघे नवे माणूस होऊन बाहेर आले ते पुढे पंधरा दिवस अंग खाजवत होते. म्हणून हौद.

आता माझी अडचण सांगतो. मंडळीत येऊन मला अकरा वर्षं झाली होती, आणि माझा बाप्तिस्मा झाला नव्हता. बायकोचा झाला होता, मेहुण्याचा झाला होता, सासूबाईंचा तर माझ्या लग्नाआधीच. आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची थाळी बाकावरून हातोहात यायची. बायकोपर्यंत यायची आणि माझ्या पुढून पलीकडे जायची, जणू मी बाकाचाच एखादा तुकडा. कुणी विचारलं, "मिस्त्री, तुमचं कधी?" की मी खिशातून तंबाखूची पुडी काढून दाखवी. "ही सुटली की लगेच." लोक समजुतीनं मान हलवत. व्यसनी माणसाबद्दल लोकांना माया असते.

तंबाखू मी दुसऱ्याच वर्षी सोडली होती. पुडी मात्र खिशात ठेवत होतो. जुनी होऊन कागद फाटायला लागला की नवी आणत होतो, दाखवायला.

खरं कारण पाणी. नऊ वर्षांचा असताना मी दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात पडलो. एका पाथरवटानं केसाला धरून ओढून काढलं म्हणून हे लिहायला मी आहे. वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नव्हतं, डोळे उघडे होते आणि सगळं हिरवं होतं. तेव्हापासून मी अंघोळ करायचो ती गळ्याखाली. डोकं ओल्या फडक्यानं पुसायचो. बायकोला हे लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण घरात मला बोका म्हणायला लागली. "बोकोबा, पाणी तापलंय, या चाटायला."

ही भीती मी एकट्यानं बाळगली असती तर एक वेळ चाललं असतं. पण भीती घरात शिजवली की सगळ्यांच्या ताटात जाते. माझी थोरली मुलगी तेव्हा चौदाची होती. तिच्या शाळेची सहल धरणावर निघाली तेव्हा तिला ताप नसताना मी ताप आहे म्हणून सांगितलं. कुठे डबकं दिसलं की मी तिचा दंड पकडायचो. त्या वर्षी तिनं स्वतःहून पाळकांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. सासूबाईंनी तिचा मुका घेतला. आणि चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मी नाही घेणार."

"का गं?" बायकोनं विचारलं.

"मला पाण्याची भीती वाटते." ताटात बघत ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही घेतलात तर मी घेईन. तुम्ही नाही तर मीही नाही."

"अगं, माझी तंबाखू सुटली की..."

"बाबा, त्या पुडीचं तोंडसुद्धा उघडलेलं नाहीये."

बायको पाणी आणायला म्हणून उठली आणि आत जाऊन हसली. मला हसू आलं नाही. पोरीच्या मनात विश्वास होता, पुरेसा होता, आणि तिच्या वाटेत मी आडवा पडलो होतो. त्या घासाला मला हे कळलं.

तरी हौदाचं काम घेतलंच होतं, ते सुरू केलं. प्रार्थनामंदिराच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात जागा आखली. पाळकांनी मापं कागदावर लिहून दिली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण बायकोनं एकदा वाचून दाखवलं की मला पुरे. लांबी सात फूट, रुंदी पाच, पाणी चार फूट. मी साडेपाच फूट खोल खणलं. तळाला दगडांची भर, वर काँक्रीट, वर कोबा, वर पांढरी फरशी, हे सगळं धरून बरोबर चार-सव्वाचार फूट उरायला हवं होतं.

पण मी जेव्हा जेव्हा त्या खड्ड्यात उभा राहून मनात पाणी भरून बघायचो, तेव्हा तेव्हा ते माझ्या छातीशी यायचं आणि श्वास अडकायचा. मग मला वाटायचं, जमीन भुसभुशीत आहे, भर जरा जास्त घालू. अर्धा फूट घालायची ती दीड फूट घातली. परत उतरलो. वाटलं, एवढ्या पाण्याचं वजन, काँक्रीट भक्कम हवं. तेही दुप्पट झालं. कोबाही चांगला जाड केला. शपथेवर सांगतो, प्रत्येक थराला माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण गवंड्याचं होतं. मेहुणा माझा नळकाम करणारा. त्यानं सुरुवातीलाच पाणी सोडायची नळी बसवून दिली आणि दुसऱ्या कामावर गेला. परत आला तो डोकं खाजवत.

"भाऊजी, माझी नळी कुठे गेली?"

"आहे की आत. तिला वरून जोड दिलाय."

"जोड? का, बुटकी पडली?"

"तू तोटी बसव. जास्त बोलू नको."

हौद झाला की पाणी भरून सात दिवस ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची, आणि पाणी खुणेखाली जातं का बघायचं, अशी आमची रीत. सात दिवस झाले. खूण आणि पाणी एकमेकांना सोडायला तयार नव्हते. मी छाती काढून पाळकांना आणि पाचही पंचांना बोलावलं.

सगळे हौदाभोवती उभे राहिले. आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"छान आहे," एक पंच म्हणाले. ते शिंपी होते, पण त्या दिवशी त्यांना माप सांगायची गरज नव्हती. "पण पाणी अजून भरायचंय ना?"

"भरलंय," मी म्हणालो.

दुसऱ्यांनी पॅन्ट वर करून पाय आत टाकला. पाणी गुडघ्याला लागलं. "मिस्त्री, मंडळीत बदकं यायची आहेत का?"

"एकेकाचे पाय धुऊन घेऊ," तिसरे म्हणाले. "उरलेला माणूस पुढच्या वर्षी."

मेहुणा खांबाला टेकून असा हसत होता की खांबच धरून ठेवावा लागला. मी हौदाकडे बघत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला ते दिसलं नव्हतं. बेचाळीस घरं बांधलेला माणूस मी, ओळंबा लावल्याशिवाय चूलसुद्धा न मांडणारा, आणि माणूस बुडावा म्हणून बांधलेल्या हौदात मांजराचं पिल्लू बुडालं नसतं.

पंच गेले. पाळक राहिले. पाळक म्हणजे बासष्ट वर्षांचे, लहान चणीचे, वाऱ्यानं उडतील असे. त्यांनी बूट काढले, काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले.

"गळत नाही ना, मिस्त्री?"

"थेंबसुद्धा नाही."

"काम चोख आहे. फक्त हौद नाही, एवढंच." मग त्यांनी विचारलं, "आजवर एखाद्या घराचं दार माणसाच्या छातीएवढं झालंय का तुमच्याकडून?"

"नाही साहेब."

"मग या मापाला हात कुणाचा लागला?"

मी त्यांच्या शेजारी बसलो, पाय बाहेर ठेवून. आणि सांगितलं. खाण, पाथरवट, हिरवं पाणी, मुलीचं बोलणं, पुडी, सगळं. रडलो नाही, पण नाक दोनदा पुसलं. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तंबाखू सोडून किती वर्षं झाली म्हणालात?"

"नऊ."

"नऊ!" आणि ते हसायला लागले. "अहो, मी दर बुधवारी तुमचं नाव घेऊन... बरं, असू दे. आता माझं ऐका. मला पोहता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. तीस वर्षं मी लोकांना तळ्यात बुडवतोय आणि दर खेपेला माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्याच वर्षी एका बाईंना बुडवलं आणि माझा हात सुटला. त्या आपल्या आपण उठल्या आणि मलाच विचारलं, 'पाळकसाहेब, तुम्ही बरे आहात ना?'"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. काड्या होत्या नुसत्या. मी पंच्याण्णव किलोचा. "मग कसं करता तुम्ही?"

"घाबरत करतो. उतरताना म्हणतो, प्रभू, माझ्या हातांत काही नाही, हे तुला ठाऊक आहे. हा माणूस तुझा आहे, तू धर. आजवर त्यानं धरलंय."

"आणि भीती जात नाही?"

"ती काय दाराबाहेर काढून ठेवायची चप्पल आहे? असते बरोबर. तिला घेऊनच उतरतो." त्यांनी पाण्यात पाय हलवले. "तो कोळी शिष्य आठवतो ना, नावेतून उतरून पाण्यावर चालायला निघालेला? बुडायला लागला तेव्हा त्यानं काय लांबलचक प्रार्थना केली? ओरडला, वाचव म्हणून. आणि प्रभूनं आधी त्याचा हात धरला, मग त्याला रागावला. हा क्रम लक्षात ठेवा, मिस्त्री. आधी हात."

पुढे पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो तेव्हा सगळ्यांत आधी ते पान शोधून काढलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. क्रम तोच आहे.

त्या बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनासभेत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. पुडी काढून टेबलावर ठेवली. "हिचा आणि माझा नऊ वर्षं काही संबंध नाही. मी खोटं बोललो. मला पाण्याची भीती वाटते."

मग पुढच्या बाकावरून सासूबाई उठल्या.

"जावईबापू, नऊ वर्षं? नऊ वर्षं मी रोज सकाळी गुडघे टेकतेय! तुमची तंबाखू सुटावी म्हणून! माझ्या गुडघ्यांचं काय?"

"चुकलो, आई."

"आता त्या प्रार्थनांचं काय करायचं, पाळकसाहेब?"

"राहू द्या, बाई," पाळक म्हणाले. "वाया जात नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी सुटली असेल."

मागच्या बाकावर, मंदिरात गाण्याला पेटी वाजवणारा आमचा पेटीवाला एकदम खोकला. त्याची खरोखर सुटली होती, दोन वर्षांपूर्वी, आणि कशी ते त्यालाही कळलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं जणू आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी सापडली.

हौद फोडायचा नाही असं ठरलं. खाली जाता येत नसेल तर वर जायचं. मी भिंती दोन फूट वर घेतल्या, बाहेरून तीन पायऱ्या चढायला आणि आतून पाच उतरायला. या वेळी माप मेहुण्यानं धरलं. "भाऊजी, तुम्ही फक्त विटा लावा. पट्टी माझ्या हातात राहील." एकेक थर झाला की तो पट्टी लावून मोठ्यानं आकडा सांगायचा, पंचांना ऐकू जाईल असा. पण एक झालं. हौद जमिनीच्या वर आल्यामुळे मागच्या बाकावरूनही सगळं दिसायला लागलं. पंच म्हणाले, आधीपासून असंच करायला हवं होतं.

परत पाणी भरलं, परत सात दिवस. त्या सात दिवसांत रोज काम सुटल्यावर मी तिथे जायचो. बायको टॉवेल घेऊन बाकावर बसायची. मी पायरीवर उभा राहून प्रार्थना करायचो आणि एक पायरी उतरायचो, असा बेत. माझी प्रार्थना साधी होती. "प्रभू, मी ओळंब्यावर भरवसा ठेवणारा माणूस. दोरी वर कुठे बांधली आहे ते मला दिसतं, म्हणून माझी भिंत सरळ जाते. तू वरून कुठे धरलंयस ते मला दिसत नाही. पण धरलं आहेस असं समजून उतरतो." पहिल्या दिवशी पहिली पायरी, पाणी घोट्याला. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी, पाणी मांडीला. चौथ्या दिवशी पाय उचललाच नाही. पाचव्या दिवशीही तिसरीच. सहाव्या दिवशी मी परत दुसरीवर आलो. खोटं कशाला सांगू.

"बोकोबा, उलटे निघालात," बायको म्हणाली. पण टॉवेल देताना तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरला.

सातव्या दिवशी मी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

त्या रविवारी आम्ही चौघं होतो. गोवरातून उठलेला नवरदेव, दवाखान्यातली एक नर्स, मी आणि माझी मुलगी. पांढरे झगे मंडळीचे होते, पण माझ्या मापाचा त्यांत एकही नव्हता. सासूबाईंनी दोन चादरी जोडून माझा शिवला होता. मेहुण्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, शिडं लावलीत, आता वारा सुटू दे फक्त."

नवरदेव उतरला, बुडाला, म्हशीसारखा फुसफुसत वर आला. मेहुणी लाजली. नर्स उतरल्या, बुडाल्या, केस झटकून शांतपणे चालत्या झाल्या. मग पाळकांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला.

प्रत्येकाच्या वेळी गाण्याचं एक कडवं म्हणायचं असं ठरलं होतं. पेटीवाल्यानं सुरुवात केली. मी पहिली पायरी उतरलो, दुसरी उतरलो, तिसरीवर थांबलो. कडवं संपलं. पेटीवाल्यानं तेच परत घेतलं. परत संपलं. लोकांनी तिसऱ्यांदा म्हटलं, जरा हळू. चौथ्यांदा सुरू झालं तेव्हा सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, पेटीवाल्याची बोटं दुखतील हो!"

मी मागे वळून बघितलं, परत वर जावं म्हणून. वरच्या पायरीवर मुलगी उभी होती, हात छातीशी घट्ट बांधून. ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर माझीच भीती होती, जशीच्या तशी, नाकासकट. मी मागे गेलो असतो तर तीही वळली असती. मग दोघं आयुष्यभर काठावर.

"प्रभू, धर," मी म्हणालो. मनात म्हणालो असं मला वाटलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं.

चौथी पायरी. पाचवी. तळ. पाणी पोटाच्या वर आलं. पाळकांनी एक हात माझ्या मानेमागे घातला, दुसऱ्या हातानं रुमाल माझ्या नाकावर धरला.

"गुडघे सैल सोडा, मिस्त्री."

"सुटत नाहीत."

"माझे हात थरथरतायत, तुमचे गुडघे सुटत नाहीयेत," ते माझ्या कानाशी म्हणाले. "छान जोडी आहे. आता त्याच्यावर सोडू या." आणि त्यांनी मोठ्यानं पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं.

मी सोडलं. कसं सोडलं ते मला सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं मुठीत धरलेली वस्तू, आणि एका क्षणी मूठ उघडी.

पाणी डोक्यावरून गेलं. डोळे उघडेच होते. हिरवं नव्हतं. सगळं पांढरं होतं आणि शांत होतं, आणि मी बसवलेली फरशी दिसत होती. तिची एक सांध किंचित वाकडी गेली होती, तीही दिसली. आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की मला धरलेलं आहे. मानेमागच्या त्या काडीसारख्या हातानं नव्हे. तो हात तर तेवढ्यात सुटलाच होता.

कारण पाळकांचा पाय त्यांच्याच झग्यात अडकला होता. माझं वजन खाली गेलं, त्याबरोबर तेही गेले, धप्पकन माझ्या अंगावर. मंदिरभर "अरे, अरे!" झालं. माझे पाय तळाला लागले. मी उठलो आणि हाताला जे लागलं ते धरून वर ओढलं. पाखरासारखे हलके होते ते. खोकत होते, टकलावरून पाणी वाहत होतं. मी त्यांना दोन्ही हातांनी उभं धरलं होतं, आणि छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला मी भ्यायचं विसरलो होतो.

पहिल्यांदा माझी बायको हसली. मग सगळं मंदिर.

"कुणी कुणाला दिला बाप्तिस्मा?" मेहुणा ओरडला.

"दोघांनी दोघांना," शिंपी पंच म्हणाले. "वहीत काय लिहायचं ते नंतर बघू."

पाळकही हसत होते. मग त्यांनी नाकावर बोट नेलं आणि थांबले. "माझा चष्मा."

एरवी ते पाण्यात उतरण्याआधी चष्मा दोरीनं मानेला बांधत. त्या दिवशी माझ्या काळजीत विसरले होते. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हात दिसत नसे. आणि मुलीचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता.

"पाणी सोडतो मी," मेहुणा म्हणाला. "दोन तास लागतील. भरायला परत तीन."

"नको, नको. मी अंदाजानं करतो," पाळक म्हणाले.

"अंदाजानं कराल तर पोरीऐवजी खांब बुडवाल," त्यांच्या बायकोनं पहिल्या बाकावरून सांगितलं. "तुम्ही गप्प उभे राहा."

मी वर बघितलं. मुलीनं एक पाय मागे घेतला होता. पाच तास ती थांबणार नाही, हे मला कळलं. आज घरी गेली तर परत येणार नाही, हेही कळलं. मला ते कळणारच, मी अकरा वर्षं तेच करत आलो होतो.

आता मला बुडवायला कुणी नव्हतं. मानेमागे हात नव्हता, रुमाल नव्हता. पाळक कोपऱ्यात भिंत धरून उभे होते. मी म्हणालो, "प्रभू, परत एकदा," आणि श्वास भरून आपणहून खाली गेलो.

पहिल्या खेपेला काही सापडलं नाही. वर आलो, नाकातोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. "भाऊजी, डावीकडे, डावीकडे!" मेहुणा हौदाच्या काठावर चढून हात करत होता. परत खाली गेलो. पायरीच्या कोपऱ्यात बोटांना तार लागली. काचा शाबूत होत्या. चष्मा हातात उंच धरून मी वर आलो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, ज्या आमच्या मंदिरात कधी वाजत नाहीत.

डोळ्यांतलं पाणी पुसून बघतो तो मुलगी दुसऱ्या पायरीवर होती. कुणी बोलावलं नव्हतं.

"बाबा, सरका," ती म्हणाली. "वाट द्या."

मी सरकलो. बाहेर मात्र गेलो नाही. पाळकांनी चष्मा घातला, मुलीला हाताला धरून नीट उभं केलं, मग दोरी नाही हे आठवून चष्मा काढला आणि माझ्याकडे दिला. मी तो धरून तिथेच पाण्यात उभा राहिलो. ती बुडाली आणि वर आली तेव्हा तिला उचकी लागली होती, आणि ती उचक्या देत हसत होती. "नाकात गेलं!" तिनं सगळ्या मंडळीला सांगितलं.

पुढच्या शनिवारी मेहुणीचं लग्न झालं. नवरदेवाला काहीही झालं नाही. पंचांनी दोन बैठका घेऊन ठरवलं की माझा बाप्तिस्मा धरायचा, आणि पाळकांचा दुसऱ्यांदा झालेला धरायचा नाही.

लोक विचारतात, पाण्याची भीती गेली का? सगळी नाही. पुलावरून जाताना मी अजून मधोमध चालतो. पण डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ करतो, आणि गुणगुणतोसुद्धा. मुलगी पोहायला शिकली आणि तिनं तिच्या मुलांना शिकवलं.

पाळकांनी त्या दिवसानंतर मला सोडलं नाही. कुणाचाही बाप्तिस्मा असला की निरोप यायचा, "मिस्त्री, चादरीचा झगा घेऊन या." चौदा वर्षं मी हौदात त्यांच्या शेजारी उभा राहिलो. एका बाजूला ते, एका बाजूला मी, मध्ये घाबरलेला माणूस. उतरण्याआधी ते माझ्या कानाशी म्हणायचे, "पोटात गोळा आलाय." मी म्हणायचो, "माझ्याही." मग दोघं उतरायचो. एकशे सहा माणसं झाली. एकही हातातून सुटलं नाही.

पाळक जूनच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता वारले. शहात्तर वर्षांचे होते.